गुपित कोणाचे?

काही वर्षांपूर्वी आगमनकाळातील एका रविवारी, संध्याकाळच्या मिस्सेनंतर, माझा एक जुना विद्यार्थी चर्चच्या आवारात माझ्यासाठी थांबला होता. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. हे लिहायला त्याची परवानगी आहे.) त्याची नोकरी गेल्याचे मला ठाऊक होते. इकडचे तिकडचे बोलून झाले. लोक पांगले. मग तो म्हणाला, "सर, एक सांगायचंय. पण आधी शब्द द्या, कोणाला सांगणार नाही."

मी शिक्षक माणूस. मुलांची गुपिते ऐकण्यात आयुष्य गेले. पटकन म्हणालो, "दिला शब्द."

तेव्हा त्याने सांगितले की गेले तीन महिने त्याला जगावेसे वाटत नाही, आणि हल्ली तो विचार रोज रात्री येतो.

तीन दिवसांनी मी तो शब्द मोडला. मी बरोबर केले की चूक, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. आपल्यापैकी कोणावरही उद्या अशी वेळ येऊ शकते, म्हणून तो आपल्यापुढे ठेवतो.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारले होते, "माझ्याआधी कोणाला बोललास?" तो जरा अडखळला. मग म्हणाला की रात्री झोप लागत नाही तेव्हा तो मोबाईलवर अनोळखी लोकांशी लिहून बोलतो. त्यातला एकजण परदेशात राहतो. त्याचे खरे नावही याला माहीत नव्हते. खरे सांगतो, मला वाईट वाटले. धर्मग्रामात एवढी माणसे, घरात आईवडील, मोठी बहीण, आणि हा आपले दुःख सांगतो ते कोणाला, तर ज्याचा चेहराही पाहिलेला नाही त्याला!

"घरी का नाही सांगितलंस?"

"घरी सांगितलं तर आई रडणार, बाबा ओरडणार, आणि दुपारपर्यंत सगळ्या आळीला कळणार."

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही, कारण त्यात खोटे काहीच नव्हते. आपल्या गावांत बातमी चर्चच्या पायऱ्यांवरून निघते ती बस स्टॉपपर्यंत पोहोचायला मिस्सेच्या शेवटच्या गीताइतकाही वेळ घेत नाही. अनोळखी माणूस रडत नाही, ओरडत नाही, मावशीला फोन करून सांगत नाही. त्या आडोशासाठीच माणसे परक्यांकडे जातात. तिथे सगळेच भले असतात असे नाही. खचलेल्याला आणखी खाली ढकलणारेही तिथे भेटतात, आणि तो धोका मोठा आहे. पण तरुणांच्या हातातला मोबाईल काढून घेण्याआधी ते आपल्याला टाळून तिकडे का वळले, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

परक्याला दुःख सांगण्याची गोष्ट मोबाईलमुळे सुरू झालेली नाही. १९३५ साली इंग्लंडमध्ये लिंकन येथे चॅड वराह नावाच्या एका तरुण अँग्लिकन धर्मगुरूने आपला पहिला दफनविधी केला. मृत मुलगी चौदा वर्षांची होती. तिला पाळी सुरू झाली होती आणि आपल्याला काहीतरी लाजिरवाणा रोग जडला आहे असे समजून तिने जीव दिला होता. तिला विचारायला कोणी नव्हते. एक प्रश्न आणि दोन मिनिटांचे उत्तर, एवढ्याने ती जगली असती. ही गोष्ट वराह यांच्या मनातून कधी गेली नाही. पुढे ते लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या चर्चमध्ये आले आणि १९५३ च्या नोव्हेंबरमध्ये, २ तारखेला, त्यांनी तिथे एक टेलिफोन सुरू केला. जीव द्यावासा वाटणाऱ्या कोणीही तो फिरवावा. २ नोव्हेंबर हा आपण सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळतो, तोच हा दिवस. नंतर एका वर्तमानपत्राने मथळ्यात त्यांना टेलिफोनवरचे भले शोमरोनी म्हटले आणि तेच नाव चिकटले: समॅरिटन्स.

या कामात वराह यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली. भेटायला येणाऱ्यांची गर्दी वाढली तेव्हा त्यांनी काही साध्या माणसांना मदतीला घेतले. आलेल्यांना बसवायचे, चहा द्यायचा, साहेब मोकळे होईपर्यंत सोबत करायची, इतकेच त्यांचे काम. पण बाहेर बसलेले अनेकजण या चहा देणाऱ्यांशीच बोलत आणि वराह यांना न भेटताच हलके होऊन घरी जात. १९५४ च्या फेब्रुवारीत वराह यांनी ऐकण्याचे काम या स्वयंसेवकांकडेच सोपवून टाकले. स्वतः धर्मगुरू असूनही त्यांनी त्यांना एक कडक नियम घातला होता: फोन करणाऱ्यावर आपली श्रद्धा किंवा मते लादायची नाहीत. प्रवचन नाही. पुढे १९९४ पासून या संस्थेने ईमेलवरूनही सोबत सुरू केली, कारण काही माणसांच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण लिहिता येते.

हा नियम आपल्याला रुचेल का? मला सुरुवातीला रुचला नव्हता. आपल्याजवळ प्रभूचे वचन आहे, मग ते दुःखी माणसाला द्यायचे नाही? पण बायबल उघडून पाहिले की दुसरेच दिसते. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला काय देतो? निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे मडके. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खायला सांगतो. एका शब्दाने त्याला दोष देत नाही. देव त्याच्याशी बोलतो ते नंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर, आणि तेही हळू आवाजात. ईयोबाचे मित्र पाहा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. त्यांनी केलेली सर्वात चांगली गोष्ट तीच होती. तोंडे उघडली आणि ते चुकले. ईयोबानेच काहीतरी पाप केले असणार हे त्याला पटवून देण्यात त्यांनी पुढचे कितीतरी अध्याय घालवले.

आपणही बहुधा त्या आठव्या दिवसापासूनच सुरुवात करतो. "तुला काय कमी आहे?" "लोकांची दुःखं बघ." "जपमाळ नेमाने म्हणत असतास तर असे विचार आले नसते." "आईवडिलांचा तरी विचार कर." शेवटचे वाक्य आपल्याला फार प्रेमाचे वाटते, पण आपण घरच्यांवर ओझे झालो आहोत असे आधीच वाटणाऱ्याला त्यात नवे काय कळते? ओझ्यात भर पडते, एवढेच. जपमाळ अवश्य म्हणावी. त्याच्यासाठी म्हणावी, त्याच्याजवळ बसूनही म्हणावी, पण ती त्याच्यावर आरोपपत्रासारखी ठेवू नये. औषधाने बरे होणारे नैराश्य हा आजार आहे. मधुमेह झालेल्याला आपण श्रद्धा कमी पडली असे म्हणत नाही.

आणखी एक भीती मोठमोठ्या शिकलेल्यांतही दिसते. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" असे सरळ विचारले तर नसलेला विचार आपणच त्याच्या डोक्यात घालू, असे वाटते. या प्रश्नाचा अभ्यास झाला आहे आणि तसे होत असल्याचे आढळलेले नाही. उलट विचारल्याने सुटका वाटते. निदान एका माणसाला तरी हा शब्द ऐकवतो, त्याच्यापुढे लपवायला नको, असे त्याला वाटते. म्हणून आडून आडून "काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना?" असे विचारू नये. त्या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर हवे आहे, हे ऐकणाऱ्याला कळते आणि तो तेच देतो.

आता माझ्या शब्दाकडे वळतो.

दिलेला शब्द पाळावा हे आपण लहानपणापासून शिकलो. गुपित सांभाळणे हा तर मैत्रीचा पाया. आपल्या श्रद्धेत गुप्ततेचे सर्वात मोठे उदाहरण म्हणजे प्रायश्चित्त संस्कार. तिथे ऐकलेले धर्मगुरू कोणत्याही कारणास्तव उघड करू शकत नाहीत, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठीसुद्धा नाही. तिथे असे काही ऐकले तर ते त्या माणसाला एवढेच विनवू शकतात की बाहेर ये आणि हेच मला पुन्हा सांग, म्हणजे काही करता येईल. तेव्हा माझ्या मनात आले: धर्मगुरूंनी जे मोडता कामा नये, ते मी कोण मोडणारा?

पण मी धर्मगुरू नव्हतो आणि चर्चचे आवार म्हणजे प्रायश्चित्त संस्कार नव्हे. ते वेगळे गुपित आहे, ते देवासमोर सांगितलेले असते. माणसाने माणसाला सांगितलेल्या गुपितांविषयी ख्रिस्तसभा काय म्हणते ते मी नंतर वाचून काढले. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की काही गुपिते लपवून ठेवण्यास माणूस बांधील नसतो, आणि ज्यातून कोणाला गंभीर इजा होईल ते गुपित त्यांनी त्यांत धरले आहे. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात, २४९१ व्या परिच्छेदात, डॉक्टर, वकील वगैरेंनी ऐकलेल्या गुपितांविषयी लिहिताना अपवाद म्हणून जो पहिला माणूस डोळ्यांपुढे ठेवला आहे, तो आहे स्वतः गुपित सांगणारा. गप्प राहिल्याने त्याचाच फार मोठा घात होणार असेल, तर गप्प राहण्याचे बंधन उरत नाही.

हे वाचून मला बरे वाटले, पण पूर्ण समाधान झाले नाही. कारण दुसरी बाजूही खरी आहे. समॅरिटन्सकडे लाखो लोक बोलले ते गुप्तता पाळली जाईल या भरवशावरच. सांगितलेले फुटते असे कळले तर पुढचा माणूस सांगणारच नाही. माझ्या विद्यार्थ्याचा शब्द मी मोडला, तो ऐकून दुसऱ्या एखाद्या मुलाने तोंड मिटून घेतले असेल तर? त्या मुलाचा हिशेब मी कुठे मांडू?

बराच विचार करून मला जे वाटते ते असे. त्या संध्याकाळी त्याने माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. तोंडाने मागितली ती गुप्तता. पण मरायचे नक्की ठरवलेल्या माणसाने थंडीत तासभर सरांसाठी थांबायचे कारण काय? त्याच्यातला एकजण मरण मागत होता आणि दुसरा मला थांबवायला आला होता. मी पहिल्याला शब्द दिला होता. दुसऱ्याचे मी काही लागतच नव्हतो का? आणि दुसरे म्हणजे, ते गुपित त्याचे होते, मान्य, पण त्याचा जीव एकट्या त्याचा नव्हता. जीवनाचे आपण मालक नसून राखणदार आहोत ही आपली जुनी शिकवण तो मोडू पाहत होता, असे म्हणून मी त्याला दोष देत नाही. मी ती शिकवण माझ्याकडे वळवतो. राखणदार मीसुद्धा होतो.

माझी चूक झाली ती मात्र दुसरीकडे. पहिली चूक, न ऐकताच शब्द दिला. आता मी देत नाही. आता म्हणतो, "तू सांग. मी बाहेर चर्चा करणार नाही. पण तुझ्या जीवाचा प्रश्न असेल तर एकटा बसून राहणार नाही. मात्र जे करीन ते तुला सांगून करीन." असे म्हटल्यावर कोणी उठून गेला, असे अजून झालेले नाही. दुसरी चूक याहून मोठी. मी त्याच्या बहिणीला सांगितले ते त्याच्या पाठीमागे. आधी त्याच्याकडे जाऊन, "बाबा, मला हे झेपत नाही, कोणाला सांगू ते तू ठरव," असे म्हणायला हवे होते. वडिलांना की बहिणीला की डॉक्टरांना, हे निवडण्याचा मान त्याला द्यायला हवा होता. मी घाबरलो होतो. भीतीपोटी केलेली बरोबर गोष्टही वाकडी होते.

बहीण शहाणी निघाली. ती रडली नाही, निदान त्याच्यासमोर नाही. तिने आठवडाभर सुट्टी घेतली, रात्री त्याच्या खोलीत झोपली, घरातल्या धोक्याच्या वस्तू आणि औषधे त्याच्या आवाक्याबाहेर ठेवली आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. जीव द्यावासा वाटण्याचा कडेलोटाचा क्षण बहुधा फार काळ टिकत नाही. तेवढ्यात सोबत असणे आणि साधन हाताशी नसणे याने माणूस वाचतो. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी कैदी पळाले असे समजून स्वतःचा जीव घ्यायला निघतो, तेव्हा आतल्या काळोखातून पौल मोठ्याने ओरडून सांगतो की स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. पौल त्याला तत्त्वज्ञान सांगत नाही. इथेच आहोत, इतकेच. श्रद्धेविषयीचा प्रश्न तुरुंगाधिकारी स्वतः विचारतो, तोही नंतर, दिवा आणवल्यावर.

हे सगळे घरात लपवावेसे का वाटते? त्यात आपल्या धर्मग्रामांचाही जुना वाटा आहे. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात, पश्चात्तापाचे चिन्ह न दाखवता जाणूनबुजून जीव दिलेल्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. आपल्यातील वयस्क मंडळींना ते दिवस आठवतात. १९८३ च्या नव्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. धर्मशिक्षण ग्रंथ आत्महत्या चुकीची आहे हे स्पष्ट सांगतो, पण त्याच ठिकाणी असेही सांगतो की गंभीर मानसिक विकार, यातना किंवा तीव्र भीती यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होते, आणि त्याच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. म्हणून ज्या घरात असे घडले आहे, त्यांनी मिस्सेच्या हेतूंत ते नाव द्यायला बिचकू नये. आणि आपण बाकीच्यांनी तिथे कसे, कुठे, कशाने हे विचारायला जाऊ नये. जेवणाचा डबा घेऊन जावे. मृत माणसाचे नाव घेऊन त्याची एखादी चांगली आठवण सांगावी. अशा घरांत ते नाव ऐकायची भूक असते.

पोलिसांची भीतीही काही घरांत आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाल्यापासून, असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले जाते आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आलेले नाही. (सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.) तेव्हा भीतीपोटी डॉक्टरांना टाळू नये. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलिमानस ही फोनसेवाही आहे. नंबर १४४१६. रात्रंदिवस, मोफत, मराठीतही. हा नंबर आजच मोबाईलमध्ये साठवून ठेवावा. स्वतःला लागेल तेव्हा शोधायची ताकद नसते.

सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी असा जीव गमावला, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता, २२,७४६. कारणांत पहिले कौटुंबिक प्रश्न आणि त्याखालोखाल आजारपण. म्हणजे ज्या भिंतींच्या आत आपण राहतो तिथलीच ही गोष्ट आहे.

आपल्या छोट्या ख्रिस्ती समूहांना करता येण्यासारखे एक काम सुचवतो. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे जेरोम मोटो नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. खचून रुग्णालयात दाखल झालेली आणि घरी गेल्यावर पुढचे उपचार नाकारणारी ८४३ माणसे त्यांनी दोन गटांत वाटली. एका गटाला पाच वर्षे अधूनमधून छोटी पत्रे पाठवली, एकंदर चोवीस. पत्रांत उपदेश नाही, औषधांची आठवण नाही, काही मागणी नाही. तुमची आठवण आहे, बरे असाल अशी आशा आहे, वाटले तर दोन ओळी लिहा, इतकेच. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटात मृत्यू लक्षणीय कमी झाले. दोन ओळींची पत्रे! रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाकडे आपण पहिल्या आठवड्यात फळे घेऊन झुंडीने जातो आणि दुसऱ्या महिन्यात त्याचे नावही विसरतो. तिथेच गरज असते.

माझा विद्यार्थी औषधे घेऊन सावरला. दुसरी नोकरी लागली. पण माझ्याशी तो आठ महिने बोलला नाही. मिस्सेला आला की दुसऱ्या दाराने निघून जायचा. मी दर महिन्याला त्याला मोबाईलवर एक ओळ पाठवत असे, पाऊस बरा आहे, शाळेची कौले बदलली, असले काहीतरी. उत्तर यायचे नाही.

नवव्या महिन्यात तो घरी आला. बाकावर बसला. म्हणाला, "सर, तुम्ही ताईला सांगितलंत ते मला अजून पटलेलं नाही."

मी म्हणालो, "नको पटू दे."

"मला विचारायला हवं होतं."

"हवं होतं."

मग तो थोडा वेळ गप्प बसला आणि त्याने विचारले की शाळेची कौले कोणत्या बाजूची बदलली. आम्ही चहा प्यायलो आणि कौले पाहायला गेलो.